परगावचा तारा आणि घरचे मैदान

आंतरशालेय फुटबॉल स्पर्धेत आपल्या शाळेचा संघ यंदा उपांत्यपूर्व फेरीत पराभूत झाल्यापासून एक सूचना वारंवार आमच्या कानी येत आहे. आपला बचाव बरा आहे, मधली फळी धावती आहे, परंतु चेंडू जाळ्यात घालणारा आघाडीचा खेळाडू आपणांजवळ नाही. यास्तव आसपासच्या शाळांतून एखादा नावाजलेला मुलगा हेरावा, त्यास फी माफ करावी, बूट व पोशाख शाळेने पुरवावा, आणि पुढील वर्षी फिरती ढाल कामोठ्यास आणावी, असे काही पालकांचे म्हणणे आहे. ही सूचना करणारे गृहस्थ शाळेचे हितचिंतक आहेत. त्यांपैकी कित्येक जण भर पावसात छत्री धरून आपल्या मुलांचे सामने पाहत उभे राहिलेले आम्ही पाहिले आहे. त्यांस केवळ 'नाही' एवढेच उत्तर देणे सभ्यपणाचे होणार नाही. म्हणून या सूचनेचा साधकबाधक विचार वार्षिकाच्या पानांतून करण्याचे आम्ही योजिले आहे.

"मोठमोठे क्लब हेच करीत नाहीत काय?" असा प्रश्न आमच्या एका विद्यार्थ्याने केला. करतात, यात शंका नाही. मग त्यापासून त्यांस काय लाभले, हे पाहणे अगत्याचे आहे; आणि त्याकरिता प्रथम युरोपात जाण्याचेही कारण नाही. घाट चढून पुण्यास गेले म्हणजे पुरे.

इंडियन सुपर लीग ही स्पर्धा २०१४ साली आठ संघांनिशी सुरू झाली. आरंभीच्या हंगामांत प्रत्येक संघाने एक जगप्रसिद्ध खेळाडू आणावा, अशी योजना होती. अशा खेळाडूस 'मार्की' खेळाडू म्हणत, आणि त्याचे मानधन संघाच्या ठराविक खर्चमर्यादेत धरले जात नसे. हे खेळाडू बहुधा कारकिर्दीच्या अखेरीस येथे येत. त्यांचे नाव ऐकून लोक मैदानावर यावेत आणि लोकांमागून खेळ वाढावा, असा त्यात हेतू होता, व तो वाईट म्हणता येणार नाही.

पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात खेळणाऱ्या एफ. सी. पुणे सिटी या संघाने पहिल्याच वर्षी डेव्हिड त्रेझेगे या फ्रेंच आघाडीवीरास आणिले. १९९८ साली विश्वचषक जिंकणाऱ्या फ्रान्सच्या संघात हा होता, आणि २००० सालच्या युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध निर्णायक गोल यानेच केला होता. त्या वर्षी पुण्याचा संघ आठांत सहावा आला. २०१५ साली आद्रियान मुतू हा रुमानियाचा नामवंत आघाडीवीर आला. संघ सातवा आला. तिसऱ्या वर्षी, म्हणजे २०१६ साली, आइसलंडच्या आयदुर गुडजॉन्सन याच्याशी करार झाला.

हा गुडजॉन्सन कोण, हे आमच्या बालवाचकांस सांगितले पाहिजे. इंग्लंडातील चेल्सी संघाबरोबर त्याने २००५ व २००६ साली लागोपाठ दोन वेळा लीग जिंकली. पुढे बार्सिलोनात असताना २००९ साली त्या संघाने युरोपातील सर्वोच्च चषक मिळविला, तेव्हाही तो त्या संघात होता. त्याच्याविषयीची एक हकीकत तर पितापुत्रांनी एकत्र वाचावी अशी आहे. १९९६ च्या एप्रिल महिन्यात एस्टोनियाविरुद्धच्या सामन्यात त्याचा पिता आर्नोर हा आइसलंडकडून खेळत होता. उत्तरार्धात पिता मैदानाबाहेर आला आणि त्याच्या जागी सतरा वर्षांचा पुत्र आत गेला. देशाच्या संघात बापाची जागा मुलाने घ्यावी, आणि तीही त्याच सामन्यात, असा प्रसंग फुटबॉलच्या इतिहासात क्वचितच घडला असेल.

असा हा मोठा खेळाडू पुण्यास मिळाला, निदान कागदावर तरी मिळाला. त्या वेळी त्याचे वय सदतीस वर्षांचे होते. हंगाम १ ऑक्टोबर २०१६ रोजी सुरू व्हावयाचा होता (त्याच दिवशी आपली पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली, म्हणून ही तारीख कामोठेकरांच्या ध्यानात राहील), आणि त्यापूर्वीच दुखापतीमुळे गुडजॉन्सन संपूर्ण हंगामास मुकला. पुण्याच्या पोशाखात त्याने एकही सामना खेळला नाही. त्याच्या जागी घाईने मालीचा मोहम्मद सिसोको यास बोलाविण्यात आले. तो चांगला खेळाडू खरा, परंतु मधल्या फळीचा! गोल करणारा हवा होता, तेथे चेंडू अडविणारा आला. पहिल्याच सामन्यात पुण्यास आपल्या मैदानावर मुंबईकडून एका गोलाने हार पत्करावी लागली, आणि हंगामाच्या शेवटी संघ पुन्हा सहावाच राहिला.

तीन वर्षांत तीन मोठी नावे. पहिल्या चारांत एकदाही जागा नाही. आता यापुढचे पाहावे. २०१७ साली मार्की खेळाडू आणण्याची सक्ती उठली. त्या हंगामात पुण्याने ब्राझीलचा मार्सेलिन्हो व उरुग्वेचा एमिलियानो अल्फारो हे दोघे आघाडीस आणिले. युरोपातल्या चषकांची नावे यांच्या पाठीशी नव्हती; परंतु दोघेही याच स्पर्धेत आधी खेळलेले, येथील हवा, येथील मैदाने व येथील सोबती ठाऊक असलेले होते. संघ चौथा आला आणि आपल्या अल्पायुष्यात प्रथमच व शेवटचा उपांत्य फेरीत पोहोचला. २०१९ साली हा संघ बंद पडला व स्पर्धेतील त्याची जागा हैदराबादने घेतली. त्याच्या बंद पडण्याचा दोष एका खेळाडूच्या दुखापतीवर ठेवणे अन्यायाचे होईल; धन्यांच्या आर्थिक अडचणी निराळ्याच होत्या. आमचे म्हणणे इतकेच की, ज्या एका माणसाच्या पायांवर वर्षाचा सारा बेत उभारावा, तो पाय दुखावला तर हाती काही उरत नाही.

येथे कोणी म्हणेल की, ही तर दैवाची गोष्ट झाली. दुखापत कोणास होत नाही? हा आक्षेप रास्त आहे, आणि आणखीही एक रास्त आक्षेप आम्ही स्वतःच मांडून ठेवतो. मोठ्या खेळाडूने संघाचे भाग्य पालटल्याची उदाहरणेही आहेत. ज्या २०१६ साली पुण्याचा बेत फसला, त्याच साली मुंबई सिटीने उरुग्वेचा दिएगो फोर्लान यास आणिले होते. २०१० च्या विश्वचषकात सर्वोत्तम खेळाडू ठरलेला हा वीर मुंबईकडून उत्तम खेळला आणि मुंबई साखळीत पहिली आली. परंतु याच मुंबईने २०१४ साली निकोला आनेल्का व फ्रेडी ल्युंगबर्ग अशी दोन मोठी नावे आणिली होती, तेव्हा तिचा क्रमांक आठांत सातवा होता. तेव्हा एकट्या नावाने काम होते असेही नाही, आणि नावाने कामच होत नाही असेही नाही. मग होते कशाने?

याचे उत्तर शोधताना एक परदेशचे उदाहरण उपयोगी पडेल, आणि ते आपल्या भागास अगदीच परके नाही. २०१९ साली मुंबई सिटी संघाचा पासष्ट टक्के हिस्सा ज्या समूहाने विकत घेतला, त्याच समूहाचा इंग्लंडातील संघ मँचेस्टर सिटी हा होय. तेव्हापासून आपल्याकडील पुष्कळ मुले आकाशी रंगाचे सदरे घालून खेळताना दिसू लागली. २०२१ च्या उन्हाळ्यात सर्जिओ अग्वेरो हा जुना आघाडीवीर या संघास सोडून गेला. त्याची जागा भरण्यास टॉटनहॅम संघाचा हॅरी केन हवा, असे संघाने ठरविले. केनचे मनही जाण्याकडे होते. दहा कोटी पौंडांच्या घरातील रकमेची चर्चा महिनोन्‌महिने वर्तमानपत्रांत चालली. टॉटनहॅमने त्यास सोडिले नाही, आणि ऑगस्टच्या अखेरीस केनने आपण आहोत तेथेच राहणार असल्याचे जाहीर केले. जगातील अतिश्रीमंत क्लबांपैकी एक, हवा असलेला खेळाडू न मिळता, हात हलवीत परतला.

त्या वर्षी त्या संघाचे काय झाले? ठरीव आघाडीवीर नसताना त्याने लीगमध्ये ९९ गोल केले, आणि लिव्हरपूलहून एक गुण अधिक मिळवून अजिंक्यपद पटकाविले. शेवटच्या दिवशी दोन गोलांनी मागे असताना अवघ्या काही मिनिटांत तीन गोल झाले. त्यांतील दोन गुंडोआन या मधल्या फळीतील राखीव खेळाडूचे होते. लीगमध्ये संघाचे सर्वाधिक, म्हणजे पंधरा गोल करणारा डी ब्रॉयना हाही मधल्या फळीचाच. हवा तो मिळाला नाही, तेव्हा गोल करण्याचे काम साऱ्यांनी वाटून घेतले. या क्लबाजवळ पैशाची वाण नव्हती आणि बाकीचे दहा जणही महागडेच होते, हे आम्ही विसरत नाही. पुढील वर्षी त्यांनी हालांड हा तरुण आघाडीवीर आणिला, त्याने लीगमध्ये छत्तीस गोल केले, आणि संघाने तीन मोठे चषक जिंकले, हेही खरे. परंतु हालांड आला तो आधीच चालत्या गाड्यात बसला. गाडा चालविण्यासाठी त्यास आणिला नव्हता.

याची दुसरी बाजू केनच्याच चरित्रात पाहावी. २०२३ साली तो जर्मनीच्या बायर्न म्युनिक संघात गेला आणि पहिल्याच हंगामात त्याने लीगमध्ये छत्तीस गोल केले. हालांडइतकेच! परंतु त्याचा संघ तिसरा आला, आणि लेव्हरकूझेन हा संघ लीगमधील एकही सामना न हरता प्रथमच अजिंक्य ठरला. केनच्या हाती पहिला चषक लागण्यास २०२५ साल उजाडावे लागले. एका माणसाच्या छत्तीस गोलांनीही बाकीच्यांचे उणे भरून निघत नाही, हे यावरून दिसते.

आता आपण पुन्हा गुडजॉन्सनकडे वळू; कारण त्याच्या गोष्टीतील आमच्या उपयोगाचा भाग अद्याप सांगावयाचा राहिला आहे. पुण्यास तो मिळाला नाही, त्याच वर्षी जून महिन्यात त्याचा देश प्रथमच युरोपीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेत उतरला होता. आइसलंडने इंग्लंडास २-१ असे हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. दोन वर्षांनी हा देश विश्वचषकास पात्र ठरला. तोवर इतका लहान देश त्या स्पर्धेत कधीच आला नव्हता. मॉस्को येथे त्याने अर्जेंटिनाशी १-१ अशी बरोबरी केली, आणि मेस्सीची पेनल्टी अडविणारा गोलरक्षक चित्रपट-दिग्दर्शनाचाही व्यवसाय करीत असे. संघाचा प्रशिक्षक हाल्ग्रिमसन हा व्यवसायाने दंतवैद्य होता.

आइसलंड किती लहान? २०१६ साली तेथील लोकसंख्या सुमारे सव्वातीन लक्ष होती. पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत आज जी गावे व वसाहती आहेत, त्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसारच पाच लक्षांच्या वर होती. म्हणजे कामोठे, कळंबोली, खारघर, नवीन पनवेल व जुने पनवेल मिळून आपण आइसलंडाहून मोठे आहो! त्यांच्याकडे वर्षातील कित्येक महिने बर्फ व अंधार असतो. मोकळ्या मैदानावर खेळणे त्या काळात अशक्यप्राय. तरी त्यांनी असे खेळाडू निर्माण केले, ते कसे? त्यांनी पैसा परगावच्या ताऱ्यांवर खर्च केला नाही. २००० सालापासून पुढे त्यांनी जागोजागी मोठी बंदिस्त मैदाने बांधिली. शाळांच्या शेजारी कृत्रिम हिरवळीची लहान मैदाने केली. आणि विशेष महत्त्वाचे म्हणजे, लहान मुलांस शिकविणाऱ्या प्रशिक्षकांस रीतसर शिक्षण घेण्यास लाविले. सहा-सात वर्षांचे पोर प्रथम चेंडूस पाय लाविते, तेव्हा त्याच्यासमोर शिकलेला मनुष्य उभा असतो. पंधरा-सोळा वर्षांनी त्याचे फळ इंग्लंडाच्या संघास चाखावे लागले.

पुण्याने आइसलंडाहून एक पिकलेला आंबा मागविला, तो वाटेतच खराब झाला. कलम कसे बांधतात हे मागवून घेतले असते तर अधिक बरे झाले असते, असे आम्हांस वाटते. तसे बांधणारे पुण्यात नव्हते असेही नाही. केरळातील मलप्पुरमचा आशिक कुरुनियन हा मुलगा पुणे एफ. सी. या जुन्या क्लबाच्या युवक-प्रबोधिनीत वाढला. पुढे तोच पुणे सिटीकडून खेळला, आणि २०१९ च्या जानेवारीत आशिया चषकात भारताने थायलंडला ४-१ असे हरविले, तेव्हा भारताच्या संघात होता. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला आणि २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात भारताच्या आघाडीस खेळला. त्याहून मागे जावयाचे तर मुंबईचा नेव्हिल डिसोझा आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई, आणि भारत त्या स्पर्धेत चौथा आला. त्यास कोणी परदेशाहून आणिले नव्हते. तो मुंबईच्याच मैदानांवर खेळून तयार झाला होता.

आता मूळ सूचनेकडे येतो. क्लब आणि शाळा यांत एक मोठे अंतर आहे, ते पालकांनी लक्षात घ्यावे अशी आमची विनंती आहे. गुडजॉन्सन जखमी झाला तेव्हा क्लबाने करारनामा काढून पाहिला असेल आणि दुसरा मनुष्य आणिला. तो सदतीस वर्षांचा जाणता गृहस्थ होता. त्याचे काही अडले नसेल. परंतु आपण जो चौदा वर्षांचा मुलगा शेजारच्या शाळेतून आणू, त्याचा गुडघा श्रावणातील चिखलात दुखावला, तर त्याचे काय करणार? त्याची फीमाफी चालू ठेवणार की बंद करणार? चालू ठेवली, तर उद्या आणखी एक मुलगा आणावा लागेल. बंद केली, तर ज्या मुलास आपण जुन्या मित्रांपासून व शिक्षकांपासून तोडून आणिले, त्यास वर्षाच्या मध्यावर 'तुझे पाय गेले, आता तू जा' असे सांगणारी ही शाळा ठरेल. असे सांगण्याचे धैर्य आमच्या अंगी नाही, आणि ते कोणाही शिक्षकाच्या अंगी असू नये.

दुसरे असे की, फीमाफीचा निधी मर्यादित आहे. ज्या घरात मिळवत्या माणसाचे काम सुटले आहे, ज्या घरात आई एकटी दोन ठिकाणी राबून मुलास शिकविते, त्या मुलाकरिता तो आहे. त्या मुलास गोल करता येतो की नाही, हे आम्ही विचारीत नाही. ज्या दिवशी हा प्रश्न विचारू लागू, त्या दिवसापासून गरजेची मोजपट्टी टाकून कर्तबगारीची मोजपट्टी आपण हाती घेतली असे होईल. मग गणितात हुशार असलेला मुलगा, वक्तृत्वात बक्षिसे आणणारी मुलगी, यांच्या बाबतीतही तोच व्यवहार सुरू होईल. शाळांनी एकमेकींची मुले पळवावी, आणि मुलांनी आपले मोल काय आले हे घरी जाऊन सांगावे, हे चित्र कोणासही आवडणार नाही.

तिसरी गोष्ट आमच्या स्वतःच्या मुलांची. यंदा आघाडीस जो विद्यार्थी खेळला, त्याने त्या शेवटच्या सामन्यात दोन सोप्या संधी दवडल्या, हे सर्वांनी पाहिले. त्यानंतर तो रोज सकाळी शाळा भरण्यापूर्वी येऊन रिकाम्या जाळ्यावर डाव्या पायाने चेंडू मारण्याचा सराव करीत असतो, हे मात्र थोड्यांनीच पाहिले आहे. त्याच्या जागी आपण बाहेरचा मुलगा आणणार, हे त्याच्या कानी गेले, तर उद्या सकाळी तो येईल काय? आणि पाचवी-सहावीतील जी मुले मैदानाच्या कडेस उभी राहून त्यास पाहतात, ती आपला नंबर कधी येईल म्हणून वाट पाहतील काय? खेळ शाळेत का ठेवावा, याचे उत्तर ढालीत नाही. ते त्या सकाळच्या सरावात आहे.

केवळ नकार देऊन थांबणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. जो पैसा व जी धडपड एका ताऱ्यासाठी करण्याची आपली तयारी आहे, ती पुढील कामी लावावी, असे आम्ही सुचवितो.

पहिले काम मैदानाचे. शाळेचे पटांगण लहान आहे. कामोठ्याच्या वसाहतीत खेळासाठी राखलेली मोकळी जागा जेथे जेथे आहे, ती खेळासाठीच मोकळी राहावी, तेथे मांडवाचे खड्डे व गाड्यांच्या रांगा नसाव्यात, याकरिता पालकांनी आपापल्या सोसायट्यांतून व महानगरपालिकेकडे चिकाटीने अर्ज करावे. दहा पालकांचे दहा अर्ज एका शिक्षकाच्या शंभर पत्रांहून अधिक काम करतील.

दुसरे काम शिक्षकाचे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ प्रशिक्षकांसाठी प्रारंभीचे परवाना-अभ्यासक्रम चालवितो. आमच्या शिक्षकांपैकी एकास व फुटबॉलची आवड असलेल्या एखाद्या माजी विद्यार्थ्यास तेथे पाठवावे. एका मुलाचे बूट, पोशाख व फी यांवर जो वर्षाचा खर्च होईल, त्यातून हा खर्च बराचसा निघेल, आणि शिकून आलेला मनुष्य एका हंगामापुरता नसून पुढे अनेक वर्षे शेकडो मुलांस उपयोगी पडेल.

तिसरे काम वयाचे. सराव आठवीपासून सुरू करण्याची आपली रीत बदलून तो पाचवीपासून सुरू करावा. आणि लहान मुलांस मोठ्या मैदानावर अकरा-अकरा असे न खेळविता, पाच-पाच जणांचे लहान सामने खेळवावे, म्हणजे प्रत्येकाच्या पायास चेंडू वारंवार लागेल. गोल करणारा कोण हे आधी ठरवू नये. आज गोलरक्षक, उद्या आघाडीवीर, असे सर्वांनी सर्व जागी खेळून पाहावे.

चौथे काम मुलींचे. मानसरोवर स्थानकावरून हार्बर मार्गाने निघाले म्हणजे चौथे स्थानक नेरूळ. तेथील डी. वाय. पाटील मैदानावर ३० ऑक्टोबर २०२२ रोजी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला आणि स्पेनने कोलंबियास एका गोलाने हरविले. जगाचे अजिंक्यपद आपल्या दारात ठरले, आणि आपल्या शाळेत मुलींचा संघ अद्याप नाही! पुढील जूनपासून तो असावा. गमतीची गोष्ट अशी की, त्या अंतिम सामन्यातील एकुलता एक गोल स्पेनच्या कोणत्याही आघाडीच्या खेळाडूने केला नव्हता; दडपणाखाली चेंडू कोलंबियाच्याच एका मुलीस लागून जाळ्यात गेला. ताऱ्यावाचूनही विश्वचषक जिंकिता येतो, तो असा.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकी पुष्कळांच्या घरी भिंतीवर परदेशी वीरांची चित्रे आहेत. ती असू द्या. मोठ्यांकडे पाहूनच लहान मोठे होतात. परंतु चित्रातील वीरासही कोणा शिक्षकाने कोठल्या तरी ओबडधोबड मैदानावर प्रथम चेंडू कसा अडवावा ते शिकविले होते, हे ध्यानात असू द्या. आणि पालकहो, ढाल पुढील वर्षी येईल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. ती न आली तरी जूनच्या पहिल्या आठवड्यात पाचवीच्या वर्गासाठी चेंडू पंपाने भरून तयार असतील. सकाळी साडेसहास आपल्या मुलास, आणि मुलीसही, पाठविण्याची कृपा करावी.